उष्णतेची वाट आणि आंकड्यांतले परमाणु

चैत्र सरून वैशाख लागला म्हणजे उष्णता हा विषय बार्शीकरांस पुस्तकांतून शिकावा लागत नाहीं. दुपारीं बारा वाजतां पत्र्याच्या छपराखालीं बसलेला मुलगा आणि जाड मातीच्या भिंतींच्या माळवदी घरांत बसलेला मुलगा, या दोघांवर तळपणारा सूर्य एकच असतो. परंतु एकाच्या अंगाची लाही होते आणि दुसरा स्वस्थपणें धडा वाचीत बसतो. रात्रीं उलट प्रकार दिसतो. सूर्य मावळल्यावर पत्रा लवकर निवतो, आणि मातीच्या भिंती मात्र आंत ऊब सोडूं लागतात. म्हणूनच माळवदी घरांतील माणसें अंथरुणें घेऊन वर उघड्यावर निजावयास जातात. हा फरक कां पडावा? उष्णता छपरांतून व भिंतींतून आंत येते हें खरें. पण येतें तें नेमकें काय? पत्र्यांतून तें धांवत येतें आणि मातींतून रांगत येतें, याचें कारण काय? या प्रश्नाचा शोध घेण्याची एक नवी रीत गेल्या सुमारें सत्तर वर्षांत निघाली आहे. तींत भट्टी नाहीं, उष्णतामापक नाहीं, पदार्थाचा तुकडासुद्धां नाहीं. आहे तें केवळ गणित. ती रीत आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजेल अशा भाषेंत सांगावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

उष्णता तीन मार्गांनीं प्रवास करिते, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थी जाणतातच. सूर्याची उष्णता पोकळींतून किरणांच्या रूपानें येते. चुलीवरील पाणी तापून वर चढतें व थंड पाणी खालीं उतरतें, तेव्हां पाण्याबरोबरच उष्णताही वाहून नेली जाते. आणि तिसरा मार्ग वहनाचा. आमटी ढवळतांना पितळेच्या पळीचें टोंक भांड्यांत असतें, परंतु थोड्याच वेळांत हातांतील दांडा चटका देऊं लागतो. पितळ जागचें हललेलें नसतें. हलली ती उष्णता. पळीला लांकडी मूठ असेल तर हात सुखरूप राहतो. घोंगडींत गुंडाळलेला बर्फ लवकर वितळत नाहीं, आणि तीच घोंगडी माणसाला थंडींत ऊब देते. कारण लोंकरीच्या धाग्यांत अडकून स्थिर झालेली हवा उष्णतेला या बाजूनें अगर त्या बाजूनें सहसा जाऊं देत नाहीं. निरनिराळ्या धातूंच्या सळयांना मेण लावून त्यांचीं टोंकें गरम पाण्यांत बुडवावीं आणि कोणत्या सळईवरील मेण किती दूरवर वितळतें तें पाहावें, हा इंगेनहाउस याचा अठराव्या शतकांतील प्रयोग आजही शाळांतून करून दाखवितात.

या वहनाचा नियम फ्रेंच गणिती फूरिये यानें १८२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत मांडला. तो अगदीं सरळ आहे. भिंतीच्या दोन अंगांच्या उष्णतामानांत जितकें अंतर अधिक तितकी उष्णता अधिक जाते. भिंत जितकी जाड तितकी ती कमी जाते. आणि बाकीचा सर्व फरक पदार्थाच्या स्वभावावर अवलंबून असतो. हा स्वभाव एका आंकड्यानें सांगतां येतो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद व एक मीटर जाड असा ठोकळा घ्यावा, त्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंत एका अंशाचें अंतर ठेवावें, व दर सेकंदास किती ज्यूल उष्णता पलीकडे जाते तें मोजावें. त्यास त्या पदार्थाची वाहकता म्हणतात. तांब्याची वाहकता सुमारें ४००, ॲल्युमिनियमची २३५, लोखंडाची ८०, कांचेची १, लांकडाची एक दशांशाच्या आसपास आणि स्थिर हवेची केवळ ०.०२६ भरते. सुकलेल्या मातीची वाहकता साधारणतः अर्धा ते एक यांच्या दरम्यान असते.

आतां आपल्या छपरांचा हिशेब पाहूं. पत्रा अर्धा मिलिमीटर जाड. मातीचा थर सुमारें फूटभर, म्हणजे ३०० मिलिमीटर. जाडी सहाशें पट झाली. पत्र्याच्या पोलादाची वाहकता मातीच्या सुमारें शंभर पट धरली, तर मातीचा अडथळा पत्र्याच्या अडथळ्याहून पन्नास-साठ हजार पट मोठा ठरतो. पत्र्याच्या दोन्ही अंगांस चिकटलेला हवेचा पातळ थर थोडासा विरोध करितो, तेवढाच काय तो त्या घरांतील माणसांस आधार. शिवाय फूटभर मातींतून दुपारच्या उन्हाची लाट आंतल्या अंगास पोंचावयास आठ-दहा तास लागतात. ती पोंचते तेव्हां रात्र पडलेली असते. माळवदाच्या घरांतील दुपारचा गारवा आणि रात्रीची ऊब, या दोहोंचें मूळ हेंच आहे. पत्रा घालणाऱ्यानें तो हौसेनें घातलेला नसतो; माळवदाची दरवर्षीं डागडुजी करावी लागते आणि त्यास लागणारें लांकूड महाग झालें आहे. परंतु पत्र्याखालीं कांहीं अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचें अगर फळ्यांचें छत केलें, तर मध्यें कोंडलेली हवा घोंगडींतील हवेप्रमाणें कांहीं अंशीं उपयोगीं पडते, हें पालकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

फूरियेच्या नियमानें एवढें सर्व कळतें. पण एक गोष्ट कळत नाहीं. तांब्याचा आंकडा ४०० कां आणि कांचेचा १ कां, याचें उत्तर तो नियम देत नाहीं. तो आंकडा प्रयोगानें काढून त्याच्या हातीं द्यावा लागतो. हें उत्तर हवें असेल तर पदार्थाच्या आंत, त्याच्या परमाणूंपर्यंत उतरलें पाहिजे. ज्यांस आम्ही येथें परमाणु म्हणतों त्यांसच हल्लींच्या क्रमिक पुस्तकांत अणू असें नांव आहे.

घन पदार्थांतील परमाणु आपापल्या जागीं स्वस्थ बसलेले नसतात. ते अखंड थरथरत असतात. या थरथरीसच आपण उष्णता म्हणतों, आणि तिची सरासरी जोरदार झाली कीं उष्णतामान वाढलें असें म्हणतों. कवायतीच्या मैदानावर मुलांची एक रांग उभी आहे व प्रत्येकानें दोन्ही बाजूंच्या गड्यांचे खांदे धरले आहेत, अशी कल्पना करा. टोंकाचा मुलगा डुलूं लागला कीं त्याच्या शेजाऱ्यास धक्का बसतो, त्याचा धक्का पुढच्यास बसतो, आणि पाहतां पाहतां सर्व रांग डुलूं लागते. कोणीही मुलगा आपली जागा सोडून पळालेला नाहीं. तरी हालचाल मात्र एका टोंकापासून दुसऱ्या टोंकास गेली. पळीच्या दांड्यांत घडतें तें याच जातीचें असतें.

हें बोलणें झालें. शास्त्र बोलण्यावर थांबत नाहीं, तें मोजूं पाहतें. म्हणून आपणही पेन्सिल व कागद घेऊन एक लहानसें गणित करूं. पांच गोळ्या एका ओळींत ठेवल्या आहेत. लगतच्या दोन-दोन गोळ्यांमध्यें एकेक स्प्रिंग आहे. आणि पहिली व पांचवी गोळी तशाच स्प्रिंगांनीं दोन बाजूंच्या भिंतींस जोडल्या आहेत. आरंभीं पहिली गोळी आपल्या जागेपासून ६४ घरें उजवीकडे सरकवून धरली आहे. बाकीच्या आपापल्या जागीं आहेत. आतां ती सोडून द्यावयाची. दर पावलास नियम एकच: गोळीच्या डाव्या व उजव्या शेजाऱ्यांच्या सरकण्याची बेरीज घ्यावी, तींतून त्या गोळीच्या स्वतःच्या सरकण्याची दुप्पट वजा करावी, उरेल त्यास चारांनीं भागावें. जो आंकडा येईल तो त्या गोळीच्या वेगांत मिळवावा, आणि मग तो नवा वेग तिच्या जागेंत मिळवावा. भिंती हलत नाहींत, म्हणून त्यांचें सरकणें नेहमीं शून्य. सर्व गोळ्यांचा हिशेब मागच्याच ओळींतील आंकड्यांवरून करावयाचा, हें विसरूं नये.

पहिलें पाऊल पाहा. पहिल्या गोळीच्या डावीकडे भिंत, म्हणजे शून्य. उजवीकडे दुसरी गोळी, तीही शून्य. त्यांतून ६४ ची दुप्पट १२८ वजा केली व चारांनीं भागलें, तर उणे ३२ आले. तोच तिचा वेग. म्हणून तिची नवी जागा ६४ वजा ३२, म्हणजे ३२. दुसऱ्या गोळीच्या डावीकडे ६४ व उजवीकडे शून्य. चारांनीं भागून १६. म्हणून तिची जागा १६. बाकीच्यांस अजून कांहीं कळलेलेंच नाहीं. या रीतीनें पहिल्या पावलानंतर ओळ ३२, १६, ०, ०, ० अशी झाली. दुसऱ्या पावलानंतर ती उणे १२, ३२, ४, ०, ० अशी होते. आणि तिसऱ्यानंतर उणे ४२, ३०, १४, १, ०. पाहा, धक्का कसा एकेक गोळी पुढें सरकत आहे! आपण कोणासही "पुढें जा" असें सांगितलें नाहीं. प्रत्येक गोळीनें केवळ आपल्या दोन शेजाऱ्यांकडे पाहिलें आणि न्यूटनचा नियम पाळला. एवढ्यानेंच ती हालचाल वाट काढीत निघाली. ज्या नव्या रीतीविषयीं आम्ही लिहीत आहों तिचें सर्व मर्म या चार ओळींत आहे. तिला शास्त्रज्ञ रेणु-गतिकी असें म्हणतात. बाकीचा सारा फरक संख्येचा आहे.

परंतु या खेळांतील हालचाल आणि खरी उष्णता यांत एक महत्त्वाचा भेद आहे. उष्णता म्हणजे विस्कळीत हालचाल. तींत शिस्त नसते. मग शिस्तीची हालचाल विस्कटून उष्णता केव्हां होते? हा प्रश्न यंत्राला विचारण्याचें पहिलें श्रेय एन्रिको फर्मी, जॉन पास्टा व स्टॅनिस्लाव उलाम यांस आहे. अमेरिकेंतील लॉस अलामोस येथें मॅनिॲक नांवाच्या गणकयंत्रावर त्यांनीं आपल्या खेळासारखीच, पण जास्तींत जास्त ६४ गोळ्यांची माळ सोडविली. यंत्रास द्यावयाच्या आज्ञा मेरी त्सिंगू या बाईंनीं तयार केल्या. त्यांनीं स्प्रिंगांत थोडा वांकडेपणा घातला होता, म्हणजे ताण दुप्पट केला असतां ओढ नेमकी दुप्पट होत नसे. अशा माळेंत एका प्रकारची डुलण्याची हालचाल सुरू केली तर ती हळूहळू सर्व प्रकारांत सारखी वांटली जाईल, अशी सर्वांची अपेक्षा होती. प्रत्यक्षांत ती हालचाल थोड्या प्रकारांत वांटली गेली आणि कांहीं काळानें जवळजवळ सगळी मूळच्या प्रकारांत परत आली! हा वृत्तान्त १९५५ सालीं लिहिला गेला. त्यापूर्वींच, नोव्हेंबर १९५४ मध्यें, फर्मी निवर्तला होता. अपेक्षेप्रमाणें उत्तर आलें नाहीं, म्हणून हें काम कोणी फेंकून दिलें नाहीं; उलट त्यांतून गणिताच्या नव्या शाखा निघाल्या. आपल्या विषयापुरता बोध एवढाच कीं, लांबट माळ ही खऱ्या पदार्थाची अपुरी नक्कल आहे. खऱ्या पदार्थांत परमाणु तिन्ही दिशांस पसरलेले असतात, त्यांच्यामधील ओढ बरीच वांकडी असते, आणि मधून मधून एकादा परमाणु हरवलेला वा परकाही असतो. यांमुळें हालचालीच्या लहरी एकमेकींवर व या दोषांवर आपटून विखुरतात. या विखुरण्यामुळेंच वहनास अडथळा होतो. तो नसता तर हालचाल या टोंकाकडून त्या टोंकाकडे बिनबोभाट निघून गेली असती.

यापुढील पाऊल टाकणारा पुरुष आपल्या शेजारचा निघावा, ही आम्हांस विशेष समाधानाची गोष्ट वाटते. आपली बार्शी लाईट रेल्वे १९११ सालीं लातूरपर्यंत गेली. तें लातूर त्या काळीं निजामच्या राज्यांत होतें. त्याच राज्याच्या राजधानींत, हैदराबादेस, २४ ऑगस्ट १९२७ रोजीं अनीसुर रहमान यांचा जन्म झाला. केंब्रिज येथें गणित व पदार्थविज्ञान यांचा अभ्यास करून व बेल्जममधील लूव्हाँ येथें डॉक्टरची पदवी मिळवून ते १९६० सालीं अमेरिकेंतील शिकागोनजीकच्या आर्गोन प्रयोगशाळेंत दाखल झाले. १९६४ सालीं त्यांनीं द्रव आर्गॉन या पदार्थाची नक्कल गणकयंत्रांत केली. परमाणु ८६४, उष्णतामान शून्याखालीं सुमारें १७९ अंश, आणि ते परमाणु ज्या पेटींत ठेवले तिची बाजू एका मिलिमीटरच्या एक लक्षांशाहूनही कमी. दोन परमाणु फार जवळ आले तर एकमेकांस लोटतात, थोडे दूर असले तर ओढतात, फार दूर गेले तर एकमेकांस ओळखत नाहींत, एवढाच नियम यंत्रास सांगितला होता. पेटीला भिंती नव्हत्या. डावीकडून बाहेर गेलेला परमाणु उजवीकडून आंत येई, म्हणजे थोड्या परमाणूंनीं अफाट द्रवाचें सोंग घ्यावें अशी योजना होती.

हें काम हातानें कां होत नाहीं, तें पाहा. ८६४ परमाणूंच्या जोड्या ३,७२,८१६ होतात. एका जोडीच्या हिशेबास एक मिनिट धरलें, तर रात्रंदिवस न थांबतां काम करणाऱ्या माणसास एका पावलासाठीं सुमारें २५९ दिवस लागतील. आणि हें पाऊल सेकंदाच्या शंभर लक्षकोटीव्या भागाएवढें! अशीं शेंकडों पावलें चालल्यावर मग कोठें द्रवाचा स्वभाव दिसूं लागतो. रहमान यांच्या गणितांत परमाणूंची एकमेकांभोंवतीं बसण्याची रीत व त्यांची भटकण्याची गति जी आली, तिचा प्रत्यक्ष प्रयोगांतील मापांशीं चांगला मेळ बसला. हें गणित भटकण्याचें होतें, उष्णतावहनाचें नव्हतें. परंतु खऱ्या पदार्थाची नक्कल विश्वासास पात्र होऊं शकते, हें त्यानें दाखविलें. पुढें १९७१ सालीं स्टिलिंजर यांच्यासह त्यांनीं पाण्याचीही अशीच नक्कल केली. १९८७ सालीं ते वारले. त्यांच्या नांवाचें पारितोषिक अमेरिकन पदार्थविज्ञान परिषदेकडून संगणकी पदार्थविज्ञानांतील उत्तम कामाबद्दल दिलें जातें.

आतां वहनाकडे वळूं. यंत्रांत परमाणूंची एक कांडी रचतात. तिच्या एका टोंकाच्या परमाणूंस दर पावलास थोडी थोडी गति देतात, व दुसऱ्या टोंकाच्या परमाणूंकडून तितकीच काढून घेतात. एक टोंक चुलींत व दुसरें पाण्यांत ठेवावें तसें. पहिलीं हजारों पावलें नुसती वाट पाहण्यांत जातात. मग मधल्या भागाचें उष्णतामान एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सरळ उतरत गेलेलें दिसूं लागतें. जिन्याच्या पायऱ्यांचा उतार मोजावा तसा तो उतार मोजावयाचा; किती उष्णता घातली हें ठाऊक असतेंच; त्या दोहोंचा भागाकार केला कीं वाहकता हातीं येते. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, यंत्राला फूरियेचा नियम कोणी शिकविलेला नसतो. त्यास ठाऊक असतो केवळ न्यूटन. फूरियेचा नियम गर्दीच्या वागण्यांतून आपोआप उमटतो. याच कामाची आणखी एक युक्ति म्युलर-प्लाथे यानें १९९७ सालीं काढली: थंड भागांतील सर्वांत वेगवान परमाणु व उष्ण भागांतील सर्वांत मंद परमाणु यांचे वेग आपसांत बदलावे, आणि उतार किती पडतो तें पाहावें. तिसऱ्या एका रीतींत तर टोंकें तापवीतही नाहींत. स्वस्थ पदार्थांत उष्णतेच्या ज्या लहानसहान लाटा सहजच उठतात त्या किती वेळानें विरतात, एवढेंच पाहून वाहकता काढतात.

कोणी विचारील, कीं सळईला मेण लावून जें कळतें त्यासाठीं एवढा खटाटोप कशाला? उत्तर असें, कीं कांहीं वस्तूंस मेण लावतां येत नाहीं. सिलिकॉन या पदार्थाच्या, केसाच्या हजारों पटींनीं बारीक तारेचें उदाहरण घ्या. जाड सिलिकॉनची वाहकता दीडशेंच्या घरांत, म्हणजे लोखंडाहून अधिक असते. १९९९ सालीं व्होल्झ व चेन या दोघांनीं गणितांत अशी बारीक तार रचून पाहिली, तेव्हां तिची वाहकता जाड सिलिकॉनच्या मानानें शंभर पटींच्या सुमारानें कमी आली. कारण असें, कीं उष्णता वाहणाऱ्या लहरी पुढें जाण्याऐवजीं तारेच्या कडांवर वारंवार आपटतात. पुढें २००३ सालीं कॅलिफोर्नियांत, अरुण मजुमदार यांच्या मंडळींनीं, कांहीं अधिक जाडीच्या पण तशाच बारीक तारा प्रत्यक्ष टांगून मोजल्या. त्यांचीही वाहकता फारच उतरलेली आढळली. मोजण्याचें साधन हातीं येण्यापूर्वीं गणितानें वाट दाखविली, ती अशी. या ज्ञानाचा उपयोग लहान नाहीं. प्रत्येकाच्या खिशांतील दूरध्वनींत अशाच सूक्ष्म सिलिकॉनच्या रचना असतात. त्यांतून उष्णता बाहेर निघाली नाहीं तर यंत्र बिघडतें. उलटपक्षीं, ज्याच्या छिद्रांत हवेचे रेणु मोकळेपणें धांवूं शकत नाहींत असा सच्छिद्र पदार्थ केला, तर त्याची वाहकता स्थिर हवेहूनही कमी होते; एरोजेल नांवाचा कांचेसारखा हलका पदार्थ असाच आहे. उद्यां असें कांहीं स्वस्त झालें, तर पत्र्याखालीं राहणाऱ्या माणसाच्या दुपारा सुसह्य होतील.

तथापि नक्कल ती नक्कल, हें विसरतां कामा नये. तिच्या मर्यादा स्पष्ट सांगणें हें शास्त्राचें कर्तव्य आहे. पहिली मर्यादा अशी: तांबें, लोखंड, पितळ या धातूंत उष्णतेचा मोठा वांटा मोकळे फिरणारे विद्युत्कण वाहून नेतात, परमाणूंची थरथर तेथें गौण असते. साध्या रेणु-गतिकींत विद्युत्कणांचा हिशेब नाहीं. म्हणून आपल्या तव्याचा आंकडा ती नीट सांगूं शकत नाहीं. कांच, मीठ, सिलिकॉन, हिरा यांच्या बाबतींत ती उपयोगी पडते. हिरा धातु नसूनही त्याची वाहकता तांब्याच्या सुमारें पांचपट असते, कारण त्याचे परमाणु हलके व त्यांचीं बंधनें अत्यंत ताठ असतात. परंतु तेथेंही दुसरी मर्यादा आडवी येते. न्यूटनचे नियम परमाणूंस सर्वकाळ लागू पडत नाहींत. थंडींत, आणि हिऱ्याच्या बाबतींत नेहमींच्या उष्णतामानासही, त्यांची थरथर निराळ्या नियमांनीं चालते. तिसरी मर्यादा आकाराची. एका घन सेंटिमीटर तांब्यांत ८५ वर २१ शून्यें इतके परमाणु असतात. कोणतेंही यंत्र इतक्यांचा हिशेब ठेवूं शकत नाहीं. मातीच्या भिंतीची नक्कल परमाणूंपासून करूं जाणें वेडेपणाचें ठरेल; तेथें फूरियेचा २०० वर्षांपूर्वींचा नियमच पुरेसा आहे. आणि चौथी मर्यादा सर्वांत मोठी: परमाणु एकमेकांस किती ओढतात हा नियम आपण यंत्रास देतों. तो चुकला, तर पुढची सारी आंकडेमोड निर्दोष असूनही उत्तर खोटें येईल. म्हणूनच उत्तर हातीं आल्यावर तें प्रत्यक्ष मापाशीं ताडून पाहिल्यावांचून कोणताही जाणता शास्त्रज्ञ त्यावर विसंबत नाहीं. विद्यार्थ्यांनींही आपल्या वहींतील गणिताच्या बाबतींत हाच बाणा ठेवावा.

असलीं गणितें आतां दूरदेशींच होतात असें नाहीं. प्रचंड गणकयंत्रें परदेशांतून मिळण्यास अडचण पडूं लागली, तेव्हां १९८८ सालीं पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्र स्थापन झालें. अकोला जिल्ह्यांतील मुरंबा या गांवीं जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं तेथें १९९१ सालीं ‘परम ८०००’ हें महायंत्र तयार झालें. त्यांतील युक्ति सुगीच्या दिवसांतील कामासारखी होती: एकच अतिबलवान गडी शोधीत न बसतां पुष्कळ साधे गडी एका शेतांत लावावे, प्रत्येकाला आपली पात नेमून द्यावी, आणि बांधावरच्या गोष्टी शेजाऱ्यास विचाराव्या. परमाणूंच्या गणितास ही विभागणी फार सोयीची पडते, कारण परमाणूलाही केवळ शेजाऱ्यांशींच काम असतें. २०१९ सालीं पुण्याच्याच भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेंत ‘परम ब्रह्म’ हें महायंत्र बसविण्यांत आलें. आणि लहान कामास तर महायंत्रही नको: ‘लॅम्प्स’ नांवाची या कामाची आज्ञावली कोणासही विनामूल्य मिळते, व रहमान यांचे ८६४ परमाणु आज घरच्या साध्या संगणकावर कांहीं मिनिटांत नाचूं लागतात. बार्शीच्या मुलानें तें करूं नये, असें कांहीं नाहीं.

परंतु आमची सूचना अशी, कीं यंत्रास हात लावण्यापूर्वीं प्रत्येकानें पांच गोळ्यांचें गणित एकवार आपल्या हातानें करावें. यंत्र चटकन् उत्तर देतें, पण तें उत्तर कोठून आलें हें हातानें केलेल्या चार ओळीच शिकवितात. पालकांस आमची विनंती आहे कीं, सुट्टींत मुलगा वा मुलगी कागदावर अशा ओळी मांडीत बसलेली दिसली तर तो वेळ वायां गेला असें मानूं नये. वर तीन पावलें आम्हीं करून दाखविलीं आहेत. चौथें वाचकांनीं करावें. ओळ उणे साडेत्रेचाळीस, सहा, पावणेपंचवीस, पांच आणि पाव अशी आली, तर हिशेब बरोबर आहे असें समजावें; पहिल्या गोळीला दिलेला धक्का पांचव्या गोळीपर्यंत पोंचला. न आली, तर कोणत्या गोळीनें आपल्या शेजाऱ्याकडे पाहिलें नाहीं तें शोधून काढावें, आणि मग पांचवें पाऊल टाकावें.